गिट्क्सान आणि त्सिमशियन कोरीवकाम, टोपल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हँकुव्हरला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे कोणी ना कोणी पाहुणे असतात. समुद्र, बागा, बाजार झाला की तिसऱ्या दिवशी मी त्यांना ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात नेते. तिथल्या उंच दालनातले कोरीव लाकडी खांब बघून आधी सगळे गप्प होतात आणि मग प्रश्न सुरू होतात. गंमत म्हणजे सांगलीच्या मामी असोत की पुण्याचा इंजिनिअर भाचा, प्रश्न साधारण तेच. सुरुवातीला मला उत्तरं येत नसत, म्हणून वाचायला लागले. मग दोनदा गाडी काढून थेट स्कीना नदीकाठी जाऊन आले. मी अभ्यासक नाही, पण उत्तरं बऱ्यापैकी जमली आहेत, ती इथे एकदाची लिहून ठेवते.

हे लोक कोण? राहतात कुठे?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्येला स्कीना नावाची मोठी नदी आहे. डोंगरांतून निघून ती प्रिन्स रूपर्टजवळ प्रशांत महासागराला मिळते. तिच्या वरच्या अंगाला गिट्क्सान हे मूळनिवासी लोक राहतात. ‘गिट्’ म्हणजे लोक आणि ‘क्सान’ म्हणजे ही नदी. किस्पिऑक्स, गिटानमाक्स, गिट्सेगुक्ला, गिटवांगाक, गिटान्याव ही त्यांची गावं. खालच्या अंगाला आणि समुद्रकिनाऱ्यावर त्सिमशियन आहेत, तेही मूळनिवासीच. त्यांच्या नावाचा अर्थ ‘स्कीनाच्या आतले’ असा लावतात. लाक्स क्वालाम्स, मेटलाकाटला, किटकाटला, हार्टली बे, किटसेलास, किटसुमकॅलम ही त्यांची ठिकाणं. त्यांचीच एक मोठी वस्ती सीमेपलीकडे अलास्कात आहे, तिच्याबद्दल पुढे सांगते.

शेजारच्या नास नदीवरचे निस्गा यांचेच भाऊबंद. निस्गा आणि गिट्क्सान बोली एकमेकांना बऱ्याच कळतात. किनाऱ्यावरच्या त्सिमशियनांची भाषा स्मॅल्ग्याक्स थोडी लांबची.

टोटेम पोल म्हणजे देवाचे खांब ना? पूजा करतात का त्यांची?

हा पहिला प्रश्न, आणि तो विचारताना मामींचे हात जवळजवळ जोडलेले होते. उत्तर ‘नाही’. नैवेद्य नाही, फुलं नाहीत, नवस नाही. एकोणिसाव्या शतकात आलेल्या मिशनऱ्यांचाही हाच गैरसमज झाला होता. त्यांना त्या मूर्ती वाटल्या आणि पुष्कळ खांब त्यापायी गेले.

आपल्याकडचं जवळचं काही सांगायचं तर मी दोन शब्द वापरते: देवक आणि सातबारा.

देवक अशासाठी, की खांबावरचा लांडगा, कावळा, बेडूक, गरुड, देवमासा ही त्या घराण्याची चिन्हं असतात. समाज कुळांमध्ये विभागलेला आहे. त्सिमशियनांची चार कुळं: कावळा, गरुड, लांडगा आणि किलर व्हेल. गिट्क्सानांमध्ये लांडगा, गरुड, बेडूक आणि फायरवीड, म्हणजे जंगल जळून गेल्यावर तिथे पहिल्यांदा उगवणारं गुलाबी फुलांचं रोप. एका कुळातल्या मुलामुलींचं लग्न होत नाही. आपल्याकडेही एकाच देवकाच्या घराण्यांत सोयरीक टाळतात. ब्रिटिश काळातल्या अभ्यासकांनी आपल्या देवकाला ‘टोटेम’ म्हटलं ते यामुळेच. खुद्द ‘टोटेम’ हा शब्द मात्र ना आपला ना स्कीनावरचा. तो पूर्वेकडच्या ओजिब्वे लोकांचा आहे आणि इंग्रजीतून सगळीकडे चिकटला.

सातबारा अशासाठी, की कुळाच्या आत ‘विल्प’ असते. विल्प म्हणजे घराणं. प्रत्येक घराण्याची स्वतःची जमीन, मासेमारीची ठिकाणं, नावं, गाणी आणि ‘अदाउक’ म्हणजे पूर्वजांचा इतिहास. कुठल्या डोंगरावरून आलो, कुणाला भेटलो, हे चिन्ह कुठे मिळालं, हे सगळं त्यात असतं. खांब हा त्या इतिहासाचा उभा दाखला आहे. लांडगा कोरलाय तो शोभेसाठी नाही. ‘हे आमचं आहे आणि ते सांगायचा हक्क आमचा आहे’, असं तो सांगतो. दुसऱ्याने तो कोरून घेतला तर ती चोरी. आणि हा वारसा आईकडून जातो. मामाचं नाव, मामाची गादी भाच्याला. हे ऐकून आमच्या मामांची मान जरा ताठ झाली.

सगळ्यात खालची आकृती सगळ्यात कमी मानाची का?

नाही. उतरंड वगैरे काही नसते. उलट खालचा भाग लोकांच्या डोळ्यांसमोर येतो म्हणून तिथलं काम बहुतेक वेळा मुख्य कारागीरच हातात घेतो.

खांब कोरतात कसा? आणि कोण?

गिट्क्सान रिवाज असा, की घराणं आपला खांब स्वतः कोरत नाही. दुसऱ्या कुळातल्या माणसाला, पुष्कळदा वडिलांच्या बाजूच्याला, ते काम दिलं जातं आणि त्याची बिदागी चारचौघांत दिली जाते. म्हणजे एकाचं चिन्ह, दुसऱ्याचा हात आणि तिसऱ्यांची साक्ष.

लाकूड लाल सीडरचं. हलकं, सरळ रेषेचं, सहज चिरलं जाणारं. आतल्या नैसर्गिक तेलांमुळे ओल्या हवेतही लवकर कुजत नाही. गाठी नसलेला सरळ ओंडका शोधणं हे आता मोठं काम होऊन बसलंय, कारण तसली शेकडो वर्षांची झाडं लाकूडतोडीत गेली. ओंडका आडवा ठेवून त्याची मागची बाजू बहुधा पन्हाळीसारखी पोखरतात. त्यामुळे वजन कमी होतं आणि लाकूड वाळताना मन मानेल तसं तडकत नाही. मग पुढच्या बाजूला आकृती काढून मोठमोठ्या ढलप्या उडवतात.

मुख्य हत्यार वाकस. आपल्या सुताराकडे असतो तसाच, पण दांडा बऱ्याचदा झाडाच्या नैसर्गिक बेचक्याचा. बारीक कामाला वाकड्या पात्याची सुरी. ती स्वतःकडे ओढत चालवतात. युरोपीय जहाजं यायच्या आधीही थोडं लोखंड इथे पोहोचलं होतं. व्यापाऱ्यांच्या पोलादानंतर कामाचा आकार आणि वेग दोन्ही वाढले.

किस्पिऑक्सला नदीकाठी खांबांची रांग आहे. मी एका खांबाच्या इतकी जवळ गेले की नाक लागेल. लांबून गुळगुळीत दिसणाऱ्या गालावर वाकसाचे बारीक खवले होते, माशाच्या अंगावर असतात तसे, एका ओळीत, सारख्या मापाचे. ऊन तिरकं झालं की ते उठून दिसतात आणि चेहरा हलल्यासारखा वाटतो. रंग अगदी थोडा, भुवया, डोळे, ओठ एवढ्यापुरता. बाकी उघडं, चंदेरी झालेलं लाकूड. गिट्क्सान खांबांची हीच तऱ्हा मला सगळ्यात आवडते.

खांब उभा करणं हा मोठा समारंभ असतो. शेजारच्या गावांचे, दुसऱ्या कुळांचे पाहुणे येतात. घराणं आपला इतिहास सगळ्यांसमोर सांगतं आणि पाहुण्यांना भेटी देतं. आपल्याकडे आहेर पाहुणे आणतात, इथे यजमान देतो. ज्याने भेट घेतली त्याने साक्ष दिली. पुढे कुणी हक्काबद्दल वाद काढला तर हीच माणसं बोलतात. इंग्रजीत याला पोटलॅच म्हणतात. गावात लोक नुसतं ‘फीस्ट’ म्हणतात.

हैदा, क्वाक्वाकावाक्व यांच्या कामापेक्षा हे वेगळं कसं ओळखायचं?

हैदा आणि क्वाक्वाकावाक्व हे याच किनाऱ्यावरचे दुसरे मूळनिवासी. चटकन ओळखणं मला अजूनही जमत नाही, पण काही खुणा आहेत. उत्तरेकडच्या सगळ्या कामात एक जाड, वाहती रेषा असते. ती कुठे फुगते, कुठे बारीक होते, पण तुटत नाही. बिल होम या अभ्यासकाने १९६५ मध्ये तिचा बारकाईने अभ्यास मांडला आणि तिला ‘फॉर्मलाइन’ नाव दिलं. डोळे, सांधे, पंख यांच्या जागी कोपरे गोल केलेले आयताकृती घाट येतात, त्यांना ओव्हॉइड म्हणतात. मुख्य रेषा काळी, दुय्यम लाल, कधीमधी निळसर हिरवा.

हे व्याकरण हैदा, त्लिंगिट, त्सिमशियन सगळ्यांचं सामाईक. फरक चेहऱ्यात. त्सिमशियन आणि गिट्क्सान मुखवट्यांत गालाच्या हाडांवर कातडी ताणून बसवल्यासारखी दिसते, भुवईपासून गालापर्यंतचे उतार मऊ असतात आणि चेहरा माणसाचा वाटतो. गिट्क्सान खांबांवर मोठ्या आकृत्यांच्या मध्ये छोट्या छोट्या माणसांचा पट्टा किंवा कडं असतं. तो दिसला की मी छातीठोकपणे ‘गिट्क्सान’ म्हणते. दहातल्या दोन वेळा चुकते.

जुना रंग कसा करत, हेही सगळे विचारतात. कोळसा किंवा गेरू दगडावर वाटायचा आणि सॅमन माशाची अंडी सीडरच्या सालीबरोबर चावून त्याचा रस त्यात मिसळायचा. हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न यायला जरा वेळ लागतो.

त्या चौकोनी पेटीला जोड का दिसत नाही?

कारण जोड एकच आहे! एक लांब फळी घेतात, तिला तीन ठिकाणी खाचा पाडतात, वाफ देऊन मऊ करतात आणि तीन कोपरे वाकवतात. चौथ्या कोपऱ्यावर दोन टोकं भेटतात, तिथे लाकडी खुंट्या मारतात किंवा मुळांनी शिवतात. तळ वेगळा बसवतात. इतका घट्ट की पाणी गळत नाही. तापलेले दगड आत टाकून अशा पेटीत मासे शिजवत. वाळवलेली बेरी, घराण्याचा पोशाख, मुखवटे सगळं पेटीत. ऊलिकन नावाच्या छोट्या माशाचं तूप (तूपच म्हणायला हवं, थंडीत तसंच थिजतं) पेट्यांत भरून नास नदीवरून डोंगर ओलांडून आत न्यायचे. त्या वाटांना अजून ‘ग्रीस ट्रेल’ म्हणतात.

त्सिमशियनांच्या रंगवलेल्या पेट्या किनाऱ्यावर लांबलांबपर्यंत विकल्या जात. आणि ज्या संग्रहालयात मी पाहुण्यांना नेते, त्याच्या प्रवेशासाठी १९७६ मध्ये वॉल्टर हॅरिस, अर्ल मल्डो, आर्ट स्टेरिट आणि व्हर्नन स्टीफन्स या चार गिट्क्सान कारागिरांनी सीडरची दारं कोरली. ती मिटली की वाकवलेल्या पेटीचा आकार दिसतो. सगळं संग्रहालयच एक पेटी, असं काहीसं. आपण दारातून बिनदिक्कत आत जातो आणि पाटी वाचायला विसरतो. पहिल्या वेळी मीही तेच केलं.

टोपल्या कशाच्या असतात? आपल्या बांबूच्या टोपल्यांसारख्याच का?

बांबू इथे नाही. आपला बुरूड कामट्या काढतो, इथल्या बायका साल आणि मुळं काढतात. आणि इथे नदीचा वरचा आणि खालचा भाग स्पष्ट वेगळे होतात, कारण झाडंच वेगळी.

किनाऱ्यावर त्सिमशियनांकडे सीडर. वसंताच्या शेवटी, झाडात रस चढलेला असताना, बुंध्याजवळ आडवा छेद देतात, सालीचं टोक मोकळं करतात आणि मागे मागे चालत ती ओढतात. पट्टी वर वर निमुळती होत जाते आणि उंचावर आपोआप सुटून सळकन खाली येते. एका झाडाची थोडीच साल घ्यायची, म्हणजे झाड जगतं. बाहेरचं खरखरीत कवच तिथेच काढून टाकतात. आतली तांबूस, कातड्यासारखी साल घडी घालून घरी नेतात, वर्षभर वाळवतात, मग पुन्हा भिजवून बारीक पट्ट्या करतात. साल काढलेली झाडं जंगलात अजून उभी आहेत, अंगावर उभा लांबट व्रण घेऊन. १८४६ च्या आधीचे व्रण असलेल्या झाडांना ब्रिटिश कोलंबियाच्या वारसा कायद्याचं संरक्षण आहे. जंगल कुणी वापरत नव्हतं, असं म्हणणाऱ्याला ते झाड दाखवायचं.

दुसरं साहित्य स्प्रूसची मुळं. वाळूसारख्या मोकळ्या मातीत ती लांब आणि सरळ वाढतात. खणून काढायची, विस्तवावर शेकायची, चिरलेल्या काठीच्या फटीतून ओढून सोलायची आणि मग मधोमध चिरत जायची.

वीण बहुतेक पिळाची. म्हणजे उभ्या पट्ट्या असतात आणि आडवे दोन धागे एकदम चालतात. प्रत्येक उभ्या पट्टीला एक पुढून, एक मागून, आणि मधे अर्धा पीळ. नक्षी करायची तर रंगवलेलं गवत किंवा मेडनहेअर फर्नचा काळा चकचकीत देठ फक्त बाहेरच्या बाजूने गुंडाळत जातात. आतून टोपली कोरीच दिसते. तांबडा रंग आल्डर झाडाच्या सालीचा.

एका कार्यशाळेत मी हे करून पाहिलं. तळ विणला, छान गोल झाला. कडा वळवल्यावर काय बिनसलं कळेना, तासाभरात टोपली एका बाजूला कलली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुम्ही बोलताना घट्ट ओढता आणि ऐकताना सैल सोडता. खरं होतं.

आतल्या बाजूला गिट्क्सान प्रदेशात बर्च झाड येतं आणि टोपलीची रीतच बदलते. इथे वीणच नाही. बर्चच्या सालीचा एक सलग तुकडा गरम करून मऊ करायचा आणि पत्रावळीच्या द्रोणासारखा दुमडायचा. कोपरे कापायचे नाहीत, नाहीतर गळेल. काठाला काटकीचं कडं लावून मुळांनी शिवायचं. या टोपल्या हकलबेरी गोळा करायला, रस साठवायला. सोपबेरी नावाचं एक कडवट फळ असतं, ते पाण्यात घुसळलं की साबणासारखा गुलाबी फेस येतो आणि तो गोड करून खातात. भांड्याला तेलातुपाचा हात लागलेला असेल तर फेस धरतच नाही. वाटीला तेलाचा थेंब लागला तर अंड्याचा पांढरा भाग फुगत नाही, तसंच.

मुखवटे नाटकासाठी का?

काही प्रमाणात हो, पण कोणीही कोणताही घालायचा असं नाही. ‘नाख्नोख’ म्हणजे घराण्याकडे असलेली अलौकिक शक्ती. तिला स्वतःचं नाव असतं, स्वतःचं नाट्य असतं आणि मुखवटा त्यासाठी. काहींचे डोळे दोरीने उघडमीट होतात, जबडा हलतो. त्सिमशियनांमध्ये हे चमत्कार घडवणाऱ्या कारागिरांचा वेगळा वर्ग होता, गित्सोंत्क. ते एकांतात काम करत आणि दीक्षा न घेतलेल्या माणसाने तिथे डोकावलं तर शिक्षा मृत्यूची असे. पडद्यामागचं गुपित इतकं जपणारे रंगकर्मी दुसरीकडे सापडणार नाहीत.

मला मात्र मुखवट्यापेक्षा ‘अम्हलाइत’ आवडतो. हा सरदाराच्या कपाळावरचा कोरीव पट्ट. चेहऱ्याभोवती शिंपल्याचे निळे-हिरवे तुकडे, मागे अर्मिन नावाच्या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याच्या पांढऱ्या कातड्यांचा झुपका आणि वर सी लायनच्या मिशांचं कुंपण. त्या कुंपणात गरुडाची मऊ पिसं भरतात. सरदार नाचताना मान हलवतो, पिसं हवेत उडून पाहुण्यांवर बसतात. याचा अर्थ इथे शांतता आहे.

कोरीवकाम पुरुषांचं आणि विणकाम बायकांचं, असं का?

पूर्वी बहुतांशी तसंच होतं, पण दोन्ही कामं एकमेकांत गुंतलेली होती. चिल्कट नावाची झालरीची शाल पाहा. पीळ डोंगरी शेळीची लोकर आणि पिवळ्या सीडरची साल यांचा. नक्षी पुरुष फळीवर रंगवत आणि ती फळी समोर ठेवून बायका विणत. ही विद्या मुळात त्सिमशियनांची आणि तिथून उत्तरेला त्लिंगिटांकडे गेली, असं परंपरा सांगते.

आज ती वाटणी उरलेली नाही. डोरीन जेन्सन या गिट्क्सान बाई कोरीवकाम करत आणि गिट्क्सान कलेच्या पुनरुज्जीवनात त्या आघाडीवर होत्या. वॉल्टर हॅरिस त्यांचे भाऊ. त्या सांगत, आमच्या भाषेत ‘कला’ असा शब्दच नाही. कला नव्हती म्हणून नव्हे, ती सगळ्यातच होती म्हणून. उलट दिशेने, आज पुरुषही विणतात.

यावर बंदी होती म्हणे?

होती. कॅनडा सरकारने १८८४ मध्ये कायदा करून पोटलॅचवर बंदी घातली, १८८५ पासून ती लागू झाली आणि १९५१ पर्यंत टिकली. खांबावर थेट बंदी नव्हती, पण समारंभच गुन्हा ठरला तर खांब कुणासमोर उभा करणार?

किनाऱ्यावर मिशनचा जोर जास्त होता. विल्यम डंकन नावाच्या मिशनऱ्याने १८६२ मध्ये मेटलाकाटला हे आदर्श ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे राहायचं तर जुने समारंभ सोडायचे, ही अट. पुढे चर्चशी बिनसल्यावर १८८७ मध्ये तो सुमारे आठशे त्सिमशियनांना घेऊन अलास्कातल्या ॲनेट बेटावर गेला. नवं मेटलाकाटला ते हेच. तिथे कोरीवकाम जवळजवळ थांबलं, टोपल्या मात्र टिकल्या. मला वाटतं, याचं कारण साधं आहे. टोपलीत मिशनऱ्यांना भूत दिसलं नाही, आणि आगबोटीने येणारे प्रवासी ती विकत घेत.

लाक्स क्वालाम्सच्या फ्रेडरिक अलेक्सीने त्या काळात चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या पात्रासाठी लाकडी देवदूत कोरला. मुलं त्याला घाबरतात म्हणून तो नंतर बाजूला ठेवला गेला, असं सांगतात. देवदूत ख्रिस्ती होता, हात त्सिमशियन होता.

वरच्या अंगाला लोक जास्त हट्टी निघाले. बंदी कागदावर असतानाच १९४५ मध्ये गिट्सेगुक्लाला समारंभ करून खांब उभे केले गेले आणि विल्यम बेनन या त्सिमशियन सरदाराने त्याची तपशीलवार टिपणं ठेवली. मग हेझल्टनजवळ १९७० मध्ये ‘क्सान’ हे ऐतिहासिक गाव उघडलं आणि तिथल्या शाळेत कोरीवकाम शिकवायला सुरुवात झाली. शिकवणाऱ्यांत हैदा, क्वाक्वाकावाक्व आणि गोरे अभ्यासकही होते, कारण गिट्क्सानांतच शिकवू शकणारे फार थोडे उरले होते. त्यावर नाकं मुरडणारे आजही भेटतात, ‘क्सान शैली जरा पुस्तकी’ वगैरे. असेल. पण शिडी कुणाची का असेना, वर चढले ना!

खांब हा मालकीचा पुरावा असेल तर कोर्टात चालतो का?

हा भाच्याचा प्रश्न, आणि सगळ्यांत चांगला. १९८४ मध्ये गिट्क्सान आणि शेजारचे वेट्सुवेटेन यांच्या घराण्यांच्या प्रमुखांनी सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरवर हक्क सांगत दावा लावला. महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढा प्रदेश. खटला ३७४ दिवस चालला. घराण्यांनी अदाउक सांगितले, चिन्हांचे दाखले दिले. मेरी जॉन्सन या वयोवृद्ध बाईंनी साक्षीत घराण्याचं गाणं म्हणायचं ठरवलं, तर न्यायाधीश म्हणाले की मला गाण्याचा कान नाही. १९९१ मध्ये दावा फेटाळला गेला. पण ११ डिसेंबर १९९७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि मौखिक इतिहासालाही पुरावा म्हणून योग्य वजन दिलं पाहिजे, असं सांगितलं. जमिनीचा अंतिम निवाडा त्यात झाला नाही. फेरसुनावणीचा मार्ग किंवा वाटाघाटी, असं सुचवून थांबले.

हा खटला ‘डेल्गामूक्व’ नावाने ओळखला जातो. डेल्गामूक्व हे सरदाराचं पिढीजात नाव. निकालाच्या कागदावर पहिला वादी म्हणून लिहिलंय: डेल्गामूक्व, म्हणजेच अर्ल मल्डो. वर दारं कोरणाऱ्या चौघांत हे नाव आलंय, तेच हे गृहस्थ.

मग या सगळ्या वस्तू संग्रहालयांत कशा पोहोचल्या?

काही विकत घेतल्या, काही दडपणाखाली दिल्या गेल्या, काही सरळ उचलल्या. रॉबर्ट डंडास नावाच्या पाद्र्याने १८६३ मध्ये मेटलाकाटलाला डंकनकडून त्सिमशियन वस्तू घेतल्या. त्या त्याच्या कुटुंबात ब्रिटनमध्ये राहिल्या. २००६ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला, एकूण किंमत सुमारे ७० लाख डॉलर. त्यातल्या पुष्कळ कॅनडात परतल्या आणि पुढच्या वर्षी प्रिन्स रूपर्टला मांडल्या गेल्या.

दगडी मुखवट्यांची जोडी तर कमालीची आहे. दोन त्सिमशियन मुखवटे, एकाचे डोळे उघडे, दुसऱ्याचे मिटलेले, आणि एक दुसऱ्यात चपखल बसतो. एकोणिसाव्या शतकात ते वेगवेगळ्या माणसांच्या हाती लागले. एक पॅरिसला गेला, एक कॅनडात राहिला. १९७५ मध्ये विल्सन डफ या अभ्यासकाने व्हिक्टोरियातल्या प्रदर्शनात त्यांना एकत्र आणलं. मग पुन्हा आपापल्या घरी.

गिटान्यावची गोष्ट मी मुद्दाम सांगते. १९५८ मध्ये व्हिक्टोरियाच्या प्रांतिक संग्रहालयाने त्यांचे कुजायला आलेले काही खांब मागितले. गावाने अटी घातल्या. खांबांच्या हुबेहूब प्रतिकृती करून गावात उभ्या करायच्या, आणि आमचा इतिहास, हद्दी आणि कायदे आम्ही सांगू तसे छापायचे. संग्रहालयाने ते पाळलं. म्हणजे लाकूड दिलं आणि सातबारा छापून घेतला.

निस्गांनीही आपला एक स्मृतिखांब २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडून परत आणला.

खांब पडला तर दुरुस्त करत नाहीत का?

जुनी रीत पडू द्यायची. आयुष्य संपलं, जमिनीत गेला. नवा हवा तर नवा समारंभ. १९२० च्या दशकात रेल्वे आणि सरकारने मिळून गिटवांगाकचे खांब ‘वाचवायला’ घेतले, कारण आगगाडीच्या खिडकीतून ते प्रवाशांना दिसत. ज्या काळात समारंभ गुन्हा होता, त्याच काळात खांब मात्र जाहिरातीचा माल होता. यावर मी पाहुण्यांसमोर फार बोलत नाही, चिडायला होतं.

आज हे काम कोण करतंय?

बरेच जण. अलास्कातल्या मेटलाकाटलाचे डेव्हिड बॉक्सली यांनी १९८२ मध्ये तिथे पुन्हा पोटलॅच घडवून आणला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इंडियन संग्रहालयात २०१२ पासून त्यांनी मुलासोबत कोरलेला खांब उभा आहे. रॉय हेन्री व्हिकर्स यांची चित्रं टोफिनोच्या पर्यटकांना माहीत असतात, पण त्यांचं त्सिमशियन मूळ बऱ्याच जणांना माहीत नसतं. टेरेस गावी २००६ पासून फ्रीडा डीसिंग यांच्या नावाची कोरीवकामाची शाळा आहे. फ्रीडा हैदा होत्या, शाळा त्सिमशियन भूमीत आहे. तिथली मुलं आधी स्वतःची हत्यारं बनवायला शिकतात. आजचे कारागीर काच, चांदी, छपाई सगळं वापरतात. त्यावर ‘हे पारंपरिक नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की पैठणीत मोर कधी आले?

विकत घ्यायचं असेल तर?

कारागिराचं नाव आणि तो कुठल्या लोकांपैकी, हे विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर निघा. दक्षिणपूर्व आशियातून आलेले स्वस्त ‘टोटेम’ भरपूर विकले जातात, त्यांत कुणाचाच इतिहास नसतो. घराण्याचं चिन्ह असलेली वस्तू घेतली म्हणून चिन्हाचा हक्क आपल्याकडे येत नाही. त्याचा फोटो काढून टी-शर्टवर छापू नका. हो, आमच्याच एका ओळखीच्याने मंडळाच्या कार्यक्रमासाठी तसं केलं होतं.

बघायला कुठे जावं?

व्हँकुव्हरहून हेझल्टन गाडीने सुमारे १२०० किलोमीटर, दोन दिवस धरा. क्सान गाव, किस्पिऑक्स, गिटवांगाक आणि गिटान्याव एका फेरीत होतात. खांब लोकांच्या घरांजवळ आहेत, तेव्हा आवाज कमी, आणि फोटोआधी कुणी दिसलं तर विचारा. पुढे प्रिन्स रूपर्टचं संग्रहालय. सप्टेंबरात गेलात तर पाऊस असेल, पण नदीवर धुकं उतरतं आणि खांबांची फक्त टोकं दिसतात.

सीडरची टोपली भारतात नेली तर टिकेल का?

टिकेल. थेट उन्हात आणि एसीच्या झोतात ठेवू नका, साल ठिसूळ होते. पुण्याच्या उन्हाळ्यात महिन्याकाठी हलका पाण्याचा फवारा मारा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात उलट काळजी, बुरशी. कपाटात कोंडू नका, वारा लागू द्या. धुळीला मऊ ब्रश. कडेला धरून उचलू नका, तळाखाली हात घाला.

आणि आत ओलं काही ठेवू नका. मामींना एक छोटी टोपली भेट दिली होती, त्यांनी त्यात ओली हळद ठेवली. तळ पिवळा झालाय. त्या म्हणतात, शोभतो.